पेटीतलं पाणी

जळगाव,
२० जानेवारी १९५७

ती. इंदिराअक्कांस,
प्रमिलाचा नमस्कार. संक्रांत होऊन गेली तरी तिळगूळ पोचवायचा राहिला, म्हणून पुडी सोबत पाठवते आहे. इथे सगळे ठीक. थंडी फार आहे. सुगंधाचा खोकला गेला का? तिला कानाला रुमाल बांधल्याशिवाय शाळेत पाठवू नका. हे मी तुम्हाला सांगावं असं नाही, तरी लिहिलं.

दिवाळीत ती पहिल्यांदा आमच्याकडे आली, तेव्हा ह्यांनी हौसेने काचेची पेटी करून घेतली होती. मेहरूणच्या तळ्यातले बारके मासे आणले. मी पेटी सोड्याने घासली, वाळू चार पाण्यांनी धुतली, नळाचं स्वच्छ पाणी भरलं. पोरीला सगळं नवं, चकचकीत दिसावं एवढंच मनात होतं. भाऊबीजेच्या आत मासे उलटे तरंगले. सुगंधा रडली नाही. “मला आजीकडे सोडा,” एवढंच म्हणाली.

तुम्ही ह्यांना म्हणालात, “जिना हातमा मासा जगनात नही, तिना हातमा मी पोर कशी दिऊ?” ह्यांनी ते लपवलं होतं. मीच खोदून विचारलं. राग आला नाही अक्का, कारण तोच प्रश्न मलाही पडला होता.

ह्यांच्या शाळेत रुपचंद सर शास्त्र शिकवतात, त्यांना विचारलं. ते म्हणाले, “वहिनी, माशांची घाण त्याच पाण्यात राहते आणि तिचं विष होतं. जुन्या वाळूत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते ते विष पचवतात. तुम्ही तर सगळं धुऊन टाकलंत.”

“मग आता?”

“तळ्यातली वाळू न धुता घाला. रोज चिमूटभर पीठ टाका. मासा मात्र इतक्यात टाकू नका.”

तसं केलं. रिकाम्या पेटीत मी रोज पीठ टाकते म्हटल्यावर हे हसायचे. “कोणाला जेवू घालतेस?” शेजारच्या लताबाईंनी तर मला दृष्ट लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळल्या. पाणी आधी दुधासारखं गढूळ झालं, वास सुटला. फेकून द्यावं असं कितीदा वाटलं. मग हळूहळू निवळलं. काचेवर हिरवी साय धरली, ती मी पुसली नाही. संक्रांतीच्या आधी एक मासा सोडला. जगला. आता तीन आहेत.

खरं लिहायचं ते अजून लिहिलंच नाही.

हे येत्या रविवारी सुगंधाला न्यायला येणार होते. तुम्हाला तसं कळवलंही आहे. बापाचा हक्क आहे, त्यावर मी काय बोलणार? पण परवा जेवताना माझ्याने राहवलं नाही. मी नऊ वर्षांची असताना मला रावेरहून असंच आणलं होतं, आजीच्या मांडीवरून उचलून, नव्या आईकडे. नवी आई वाईट नव्हती. पण त्याच वर्षी आजी गेली. शेवटी तिच्याजवळ कोणी नव्हतं, आणि मला ते महिन्याने सांगितलं. ह्यांना हे ठाऊक नव्हतं. मी कोणालाच सांगितलं नव्हतं. ऐकून हे पानावरून उठले, हात धुऊन आले. मग म्हणाले, “तू म्हणशील तसं.”

तर रविवारी हे येणार नाहीत. मी येते, एरंडोलवरून तुमच्याकडे येणाऱ्या मोटारीने. पोरीला न्यायला नव्हे. आठ दिवस तुमच्याकडे राहीन. तुमच्या हातची भाकर ती कशी खाते, वेणी कोणत्या बाजूने घालून घेते, झोपताना काय ऐकते, ते मला बघायचं आहे. तिच्या आईचं, शेवंताताईंचंही तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. ह्यांना विचारलं की ते उठून बाहेर जातात.

पुढे कधी तिला इकडे यावंसं वाटलं, तर तिच्याबरोबर तुम्हीही या. आमच्या घरात ऊन येणारी एक खोली आहे. मी तिथे काहीच मांडलेलं नाही.

दार उघडाल ना? नाही उघडलंत तर ओट्यावर बसेन, पण परत जाणार नाही.

तुमच्या शेवंताच्या मागून आलेली,
प्रमिला