रुंद खुर्चीच्या संशयास्पद हालचालींबाबत

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
सार्वजनिक नाट्यगृह,
यांचे दालन (जिन्याखालून डावीकडे, कडी गंजल्यामुळे एक फळी कायम बंद असलेला दरवाजा)

अर्जदार : वजनमापे खात्याचा सेवानिवृत्त निरीक्षक, राहणार नाट्यगृहामागील गल्ली

विषय : नव्या खुर्च्या मापाला कमी भरणे, एका रुंद खुर्चीने वारंवार जागा बदलणे व येत्या रविवारच्या प्रयोगास अर्जदाराची बसण्याची सोय होणे याबाबत.

संदर्भ : (अ) अर्जदाराची तिकीट खिडकीवरील तोंडी तक्रार. (आ) आपल्या कार्यालयाचे उत्तर, 'बाब विचाराधीन आहे.' (इ) त्यानंतरची शांतता.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेले मेण, मापाच्या तळाला आतून ठोकलेला पत्रा आणि फार गोड बोलणारे दुकानदार पकडण्यात अर्जदाराची उभी हयात गेली आहे. त्यामुळे मापात पाप असले की त्याच्या कानामागे आपोआप खाज सुटते. आपल्या नाट्यगृहाचे नूतनीकरण झाल्यापासून ती थांबलेली नाही.

अर्जदार अंगाने भरलेला आहे. घरी त्याला 'भारदस्त' म्हणतात. खात्यात 'क्विंटल' म्हणत आणि तो खोलीत आला की फायलीत डोके घालत. प्रत्यक्ष वजन किती, हे या अर्जात नमूद केलेले नाही. जन्मभर दुसऱ्यांची वजने चव्हाट्यावर मांडल्यावर स्वतःचे झाकून ठेवण्याचा एवढा हक्क आपण कमावला आहे, असे अर्जदाराचे नम्र मत आहे. तरी कोणी चौकशी करीत असल्यास त्याचे नाव कळवावे.

२. नूतनीकरणापूर्वी अर्जदार सदर नाट्यगृहात बसत असे. ऐसपैस नव्हे, पण बसत असे. नव्या खुर्च्या आल्यानंतर एका जुन्या सहकाऱ्याच्या निरोप समारंभास तो एकटाच गेला होता. खुर्चीत शिरताना थोडे दामटावे लागले, ते त्याने नव्या गादीच्या माथी मारले. पुढे भाषणासाठी अर्जदाराला व्यासपीठावर बोलावण्यात आले. अर्जदार उठला नाही. पुन्हा बोलावण्यात आले. लोकांना वाटले, गृहस्थ आढेवेढे घेत आहेत, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. वस्तुस्थिती अशी होती की खुर्चीच्या दोन्ही हातांनी अर्जदाराला कमरेत धरून ठेवले होते, आणि जोर लावला की जमिनीला बोल्टने जखडलेली ती अख्खी रांग, बसलेल्या मान्यवरांसह, हलत होती. अखेर दोन डोअरकीपर आले. एकाने काखेत हात घातले, दुसऱ्याने खुर्चीचा हात वाकवून धरला. मागच्या रांगेतील एक बाई कळवळून म्हणाल्या, "अहो, कुणीतरी साबण आणा की!" त्यांचा हेतू चांगला होता, म्हणून अर्जदार त्यांच्याविरुद्ध काही म्हणत नाही. पण त्यानंतरचे हसे त्याला आजही भिंतीकडे तोंड करून झोपावयास लावते. भाषण झाले नाही.

तेव्हापासून अर्जदार कुठल्याही कार्यक्रमात मागच्या भिंतीशी उभा राहतो आणि कोणी विचारल्यास "मला उभंच बरं वाटतं, पाठीचं दुखणं आहे," असे सांगतो. त्याच्या पाठीला काही झालेले नाही.

३. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून अर्जदाराने तिकीट खिडकीवर तक्रार केली. खिडकीतील कारकून म्हणाला, "खुर्च्या होत्या तेवढ्याच आहेत, काका. माणसंच..." आणि सुट्टे पैसे मोजू लागला. सदर वाक्य हेतुपुरस्सर अर्धवट सोडण्यात आले, याची नोंद घ्यावी. रांगेतून एक जण पुटपुटला, "बसता येईना, खुर्ची वाकडी." त्याचा चेहरा अर्जदाराच्या लक्षात आहे.

अर्जदार तोंडी युक्तिवादात पडत नाही, तो टेप काढतो. एका दुपारी झाडलोट करणाऱ्या बाईंनी त्याला आत सोडले. त्यांना वाटले, पडद्याचे माप घ्यायला कोणी आले आहे. दारापाशी डोअरकीपरच्या बुडाखाली एक जुनी खुर्ची अजून जिवंत होती. ती व नवी ताडून पाहता नवी चार बोटे कमी भरली. शितावरून भाताची परीक्षा करू नये, म्हणून अर्जदाराने पहिली रांग पुरी मोजली. शीत आणि भात एकच निघाले. शिवाय प्रत्येक रांगेच्या टोकाला पूर्वी नसलेली एक खुर्ची दाटीवाटीने उभी होती. म्हणजे बसलेल्या सगळ्यांकडून चार-चार बोटे कापून घेऊन टोकाला एक नवे गिऱ्हाईक बसवण्यात आले आहे. किराणा दुकानदाराने हे केले असते तर अर्जदाराने त्याच्या वजनांना सील ठोकले असते. कुठेतरी पाणी मुरते आहे. कुठे, ते ठेकेदाराला ठाऊक असावे. आपणासही ठाऊक असावे, असा तेव्हा अर्जदाराचा संशय होता.

४. आता खाजगी बाब, नाइलाजाने. अर्जदाराची पत्नी रुग्णालयात परिचारिका होती. निवृत्तीनंतर तिने गल्लीतल्या हौशी नाटक मंडळीत नाव घातले आणि पहिल्याच नाटकात तिला सासूचे काम मिळाले. काम मोठे नाही. पण शेवटी सून घर सोडून निघते, तेव्हा सासूने एक शब्द न बोलता तिच्या पिशवीत स्वतःची शाल ठेवायची असते. ही शाल ठेवण्याची तालीम ती स्वयंपाकघरात महिनाभर करत होती आणि दर वेळी अर्जदार हातातला पेपर खाली ठेवून पाहत होता. तिने अर्जदाराला बजावले होते, "पुढे बसा. तुम्ही दिसलात की मला धीर येतो."

निरोप समारंभातला प्रकार अर्जदाराने तिला सांगितलेला नाही. संसारात बाकी सगळे सांगून झाले आहे, हे एक जमले नाही. म्हणून पहिल्या प्रयोगाला तो खोकल्याचे निमित्त करून बाहेर, पाण्याच्या टाकीपाशी उभा राहिला. शालीच्या प्रसंगाला आत टाळ्या झाल्या, त्या त्याने दारातून ऐकल्या. तिने त्याच्यासाठी राखलेली खुर्ची शेवटपर्यंत रिकामी होती. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, "तुम्हाला माझं हे आवडत नसेल तर तसं सांगा ना. मी काय लहान आहे?" अर्जदार म्हणाला, "तसं नाही गं." आणि खोकल्याचे औषध शोधू लागला.

त्यानंतर घरात नाटकाचा विषय निघालेला नाही. ती आता न्हाणीघरात नळ मोठा सोडून पाठांतर करते. अर्जदार बाहेर बसून नळाचा आवाज ऐकतो. येत्या रविवारी दुसरा आणि शेवटचा प्रयोग आहे.

५. तोंडी तक्रारीनंतर पंधरवड्याच्या आत प्रेक्षागृहात शेवटच्या रांगेमागे, खांबाआड, एक रुंद, बिनहातांची, जाड गादीची खुर्ची अवतरली. कोणाचे आभार मानण्यापूर्वी अर्जदाराने तिची तपासणी केली, आणि तपासणीअंती त्याचा संशय दुणावला. तिला क्रमांक नव्हता. तिचे तिकीट मिळत नव्हते. तिथून रंगमंचाऐवजी खांब दिसत होता, मात्र आत येणाऱ्या प्रत्येकाला ती खुर्ची बरोबर दिसत होती. अशा ठिकाणी बसणारा माणूस प्रेक्षक राहत नाही, तोच कार्यक्रम होतो. अर्जदार तिच्यावर बसला नाही. जुन्या सवयीने तिच्या बुडाखाली त्याने खडूने आपली तपासणीची खूण मात्र केली.

६. पुढच्या खेपेस खुर्ची गायब! अर्जदाराने शोध चालवला. डोअरकीपर म्हणाला, "असेल इथंच कुठंतरी." कँटीनवाला म्हणाला, "खुर्चीला काय पाय फुटलेत?" महोदय, खुर्चीला पाय असतातच, चिंता वेगळीच होती. ठेकेदाराने ती परत नेली, कोणा कर्मचाऱ्याच्या घरी गेली, की कुठल्या सभागृहाला भाड्याने दिली, या तिन्ही शक्यता अर्जदाराने रात्रंदिवस घोळवल्या. शेवटी झाडलोट करणाऱ्या बाईंनीच सांगितले, "ती होय? ती साहेबांनी मागवलेली. तुमच्या तक्रारीवर मंजूर झाली ना!" तक्रार अर्जदाराची आणि खुर्ची साहेबांची, हे ऐकून अर्जदाराचे पित्त खवळले.

७. तत्पूर्वी अर्जदार आपल्या दालनात अनेकदा आला होता. दर वेळी आपण टेबलामागे बसून होता. आपण कधी उठून हात मिळवला नाही, दारापर्यंत पोचवायला आला नाहीत. "जागेवर येऊन पाहणी करा" म्हटले की आपण कागद सरकवत होता. आपल्याच नाट्यगृहात आपण कधी नाटक पाहिल्याचे कोणी सांगत नाही, दालनातल्या छोट्या स्पीकरवर ऐकता म्हणे. हा सगळा खुर्चीचा माज आहे, असा निष्कर्ष अर्जदाराने काढला होता.

गेल्या गुरुवारी तो आला, तेव्हा आपण दालनात नव्हता. टेबलापुढच्या खुर्च्या हातांच्या, म्हणजे सापळेच. टेबलामागे मात्र एक रुंद खुर्ची होती. अर्जदाराने ती उलथून पाहिली. खाली खडूची खूण! मुद्देमाल सापडला होता. त्याचा ताबा सोडायचा नाही, म्हणून अर्जदार त्यावर बसला.

आणि महोदय, ती त्याला बसली. एवढ्या इमारतीत पहिल्यांदा काहीतरी त्याला बसले होते. गादीतला खळगा त्याच्याच बेताचा होता. वर स्पीकरमधून तालमीचे आवाज येत होते, आणि अर्जदार क्षणभर विसरला की तो चोरी पकडायला आला आहे.

एवढ्यात आपण आलात. एक फळी बंद, म्हणून आपण आडवे होऊन, पोट आवळून आत शिरलात. शर्टाचे बटण कडीला अडकले, ते सोडवताना तुटून पडले. आपणास उभे असलेले अर्जदाराने तेव्हा प्रथमच पाहिले. तो गडबडून उठू लागला, तर आपण म्हणालात, "बसा, बसा. मला उभंच बरं वाटतं. पाठीचं दुखणं आहे."

अर्जदार तडक निघून गेला, हा उद्धटपणा नव्हता. हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची त्याला सवय नव्हती.

८. त्यानंतर अर्जदाराने सगळा हिशेब पुन्हा मांडला. टेबलामागून न उठण्याचे कारण कळले, पाहणीस न येण्याचे कळले, स्पीकरचेही कळले. स्वतःसाठी एक खुर्ची मागण्याचे आपणास धाडस झाले नाही. दुसऱ्या जाड्याने तक्रार केल्यावर त्याच्या नावाखाली ती मागवलीत, आणि चार दिवस खांबाआड ठेवून मग हळूच आत नेलीत. हा अपहारच आहे. अर्जदाराने आयुष्यात असले एकही प्रकरण दडपलेले नाही. हे पहिले.

सबब विनंती की :

(क) रविवारी पहिल्या रांगेच्या वाटेकडील टोकाच्या खुर्च्यांचे बोल्ट काढून तेवढी जागा मोकळी करावी. पाना अर्जदार घेऊन येईल, कारण आपल्या भांडारातला पाना सापडेल यावर त्याचा विश्वास नाही.

(ख) त्या जागी सदर रुंद खुर्ची ठेवावी व तिच्यावर आपण स्वतः बसावे. मुद्देमाल आपल्याच ताब्यात राहू द्यावा. अर्जदार आपली घरची बिनहातांची खुर्ची टेम्पोतून आणून शेजारी मांडेल. ती कशाला नेताय, असे पत्नी नक्कीच विचारेल. त्या वेळी निरोप समारंभातली हकीकत तिला सांगण्याचे अर्जदाराने ठरवले आहे. साबणासकट.

(ग) आपण त्या दिवशी रजा टाकाल किंवा अचानक बैठक लावाल, असा अर्जदारास दाट संशय आहे. बैठक असल्यास ती पहिल्या रांगेतच घ्यावी.

(घ) उरलेल्या खुर्च्यांच्या चार-चार बोटांचे पुढे पाहू. ते भांडण मोठे आहे आणि दोघांनी मिळून करण्यासारखे आहे.

महोदय, अर्जदार रविवारी एकटाही पुढे बसू शकेल. पण त्याला अनुभव आहे. आपल्यासारखा एक जण बसला की लोक त्याच्याकडे पाहतात. दोघे शेजारी बसले की लोकांचा नाइलाज होतो आणि ते नाटक पाहतात. शालीच्या प्रसंगाला लोकांनी तिच्याकडेच पाहावे, एवढीच अर्जदाराची इच्छा आहे.

कळावे, आणि या वेळी विचाराधीन ठेवू नये.

आपला नम्र, व अजूनही थोडा साशंक,
(सही)
सेवानिवृत्त निरीक्षक, वजनमापे

दिनांक : रविवारच्या आधीचा सोमवार

सोबत :
१. पहिल्या रांगेच्या मापांचा तक्ता.
२. आपल्या शर्टाचे बटण. ते दाराशी पडले होते.
३. रविवारचे एक तिकीट, आपल्यासाठी. मिळाल्याची पोच द्यावी.