बाटलीचं कुंकू

अण्णा, काल मुंबईहून एक औषधवाले गृहस्थ बोटीने आले होते. पडवीत बसले, चहा घेतला आणि आपल्या घरच्या बाळकाढ्याची बाटली उजेडात धरून तिच्या तोंडावरची लाल पट्टी बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी तिचा छळ मांडला. एक बाटली पाण्यात बुडवली, दुसरी वाफेवर धरली, तिसरीवर तापलेल्या सुरीचं पातं फिरवून मेण उतरवलं. दर वेळी पट्टी पिवळी तरी पडली, नाहीतर फाटली तरी. शेवटी हात टेकले आणि म्हणाले, "बाई, बाटली कुणी उघडून पुन्हा भरली तर लपवायची सोयच ठेवली नाहीत तुम्ही. हे सुचलं तरी कशावरून?" मी म्हटलं, "सहज." तुम्ही असतात तर म्हणाला असतात, हिला सहज काही सुचत नाही, सुचतं ते वाकडंच. तुम्ही गेलात त्याला चौदा पावसाळे झाले. गेल्या वर्षी काकूही गेली. तेव्हापासून या घरात माझ्याशी वाद घालायला कुणी उरलेलं नाही, आणि वाद घातल्याशिवाय मला नीट विचार करता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे.

मी कपाळ पुसून माहेरी परत आले तेव्हा सतरा वर्षांची होते. चार दिवस तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. पाचव्या दिवशी औषधांच्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणालात, "रडून झालं असेल तर हिरडा कुटायला घे." मला त्या वेळी फार राग आला होता. आता वाटतं, याहून मोठी दया माझ्यावर कुणी केली नाही. ती खोली मला अजून तशीच दिसते. मागच्या खिडकीतून वाडीतल्या पोफळींची सावली आत येते, चुलीवर काढा आटतो आहे, आणि भिंतीला मुंबईच्या भंगारातून आलेल्या बाटल्या ओळीने उभ्या आहेत, कुठली सरबताची, कुठली अत्तराची, एकीचं तोंड दुसरीसारखं नाही. तुम्ही बूच दाबता, वर लाख ओतता आणि ती गरम असतानाच बोटातली अंगठी उलटी करून कमळाची मोहोर उठवता. पुढे तुमची नजर अधू होत गेली तसं मोजमापाचं काम माझ्याकडे आलं. बाळकाढ्यात अफू पडायची, अगदी किंचित. तेव्हा सगळेच वैद्य घालत. ती गुंजांनी मोजायची मी. तुम्ही म्हणायचात, हिचा हात तराजूसारखा आहे. माझं कौतुक तुम्ही केलंत ते एवढंच, आणि मी त्यावर वर्षानुवर्षं जगले.

त्याच सुमारास आपल्या रिकाम्या बाटल्या बाजारात पुन्हा भरून विकल्या जातात अशी कुजबुज माझ्या कानावर आली. मी तुम्हाला सांगितलं, तुम्ही ऐकलं न ऐकल्यासारखं केलंत. म्हणून एका सकाळी मी पातळ सुरी तापवली आणि तुमच्यासमोर एका बाटलीची लाखेची टोपी अख्खी अलगद उचलून दाखवली. कमळाची एक पाकळीसुद्धा दुखावली नाही. बूच काढलं, पुन्हा लावलं, टोपी परत बसवली, कडेवरून गरम पातं फिरवलं आणि बाटली तुमच्या हातात दिली. तुम्ही तिच्यावर अंगठा फिरवलात. बराच वेळ फिरवलात. मला वाटलं, आता म्हणतील, शाबास. तुम्ही म्हणालात, "ही चोराची अक्कल तुला कुठून सुचली? माझी मोहोर आहे त्यावर. लोक मोहोर बघून घेतात, तुझी सुरी बघून नव्हे." मी म्हटलं, "मोहोर कुणी उचलली तर कळणार कसं?" त्यावर तुम्ही पाट सारून उठलात. दोन दिवस आपण एकमेकांशी हिरडा-बेहडा-आवळा यापलीकडे काही बोललो नाही.

मग तो म्हातारा आला. हरिहरेश्वरच्या वाटेवरच्या गावचा कुणबी, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. त्याने अंगणातच बसकण मारली आणि फडक्यातून एक बाटली काढून पायरीवर ठेवली. शेजारी लाखेचे दोन तुकडे ठेवले. बाटली उघडताना फुटलेली टोपी त्याने जपून आणली होती. म्हणाला, "वैदबाबा, ही तुमचीच ना? नातवाला पोटात दुखत व्हता. दुकानातना आनली. एक चमचा दिला. पोर निजला तो उठलाच न्हाय." आरडाओरडा नाही, शिवी नाही. तुम्ही पायऱ्या चाचपत उतरलात, बाटली हुंगलीत, काढ्याचा थेंब जिभेवर ठेवलात आणि तुमचा चेहरा पडला. अफू जास्त होती. पण कुणाची? एखाद्या दुकानदाराने गुळाच्या पाण्यात ढकललेली, की माझ्या हाताने मोजलेली? सगळं त्या दोन तुकड्यांवर येऊन ठेपलं. तुम्हाला ते दिसत नव्हते. तुम्ही मला म्हणालात, "उजेडात नेऊन बघ. उचललेली आहे का सांग."

मी तुळशीपाशी जाऊन तुकडे पाहिले आणि परत येऊन सांगितलं, "कड वितळून पुन्हा बसलेली आहे. मोहोर दोनदा बसवली आहे." तुम्ही डोळे मिटलेत. म्हातारा म्हणाला, "म्हंजी तुमचा औषध न्हाय?" तुम्ही म्हणालात, "बाटली माझी आहे, बाबा. आतलं माझं नव्हे." तो मान डोलावत राहिला. "मी वाटंनं हेच बोलत आलो. वैदबाबांच्या हातना असा व्हनार न्हाय." त्याला मी पाणी दिलं, ते तो गटागटा प्यायला आणि बाटली आपल्याकडेच सोडून गेला. त्या दिवसापासून तुम्ही बाळकाढा करणं बंद केलंत. भाद्रपदात तुम्ही अंथरूण धरलंत, आणि जायच्या आदल्या दिवशी दुपारी मला जवळ बोलावून बोटातली अंगठी काढून दिलीत. म्हणालात, "तू मला दाखवलं होतंस. मी ऐकलं नाही. त्या पोराचं पाप माझ्या हट्टाचं आहे. मला क्षमा कर." बापाने मुलीची क्षमा मागावी असं आपल्या घरात कधी झालं नव्हतं. मी नुसती मान डोलावली.

तुमच्यामागे ही खोली मला खायला उठायची. काकू देवघरात, मी इथे, आणि मध्ये एवढं मोठं घर. वेड लागू नये म्हणून मी बाटलीच्या तोंडाशी झगडू लागले. लाख नको, हे ठरलं होतं. मोडता येणार नाही अशी मोहोर जगात नाही. मोडली तर ती बोंबलली पाहिजे, एवढंच मला हवं होतं. हळद आणि चुना एकत्र ओले झाले की लाल होतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून पातळ कागदाची पट्टी हळदीत रंगवली, बुचावर चुन्याची पूड भुरभुरली, पट्टीची फक्त दोन टोकं खळीने बाटलीच्या गळ्याला चिकटवली आणि कागदावर शाईने तुमच्या कमळाचा छाप उठवला. टोकं सोडवायला कुणी पाणी लावलं की ते कागदातून वर चढणार आणि पट्टी लाल होणार. महिन्या-दोन महिन्यांत हवा लागून चुना मेला, पट्टी लाल होईना. मग पापडखार घेतला, तो टिकला. पण इथल्या दमट हवेने पट्ट्या कपाटात बसल्या बसल्या लालसर होऊ लागल्या, तेव्हा वरून मेणाचा पातळ हात दिला. पहिली पट्टी हवी तेव्हा आणि हवी तशी लाल झाली त्या दिवशी मी खोलीत एकटीच हसले. काकू दारात आली, माझ्या लाल बोटांकडे बघून तिचा चेहरा उतरला. "अगं, ते हात धुऊन टाक आधी," म्हणाली. मी धुतले. धुवायच्या आधी क्षणभर काय मनात आलं ते तुम्हाला सांगायची गरज नाही.

मी पुन्हा बाळकाढा करायला घेतला, अफू वगळून. बाटल्या आपले जुने तांडेलचाचा मचव्यातून गावोगावच्या दुकानांत पोचवायचे. मी त्यांना दहादा बजावलं होतं, दुकानदारांना सांगा, पिवळी पट्टी ती खरी, लाल झाली तर घेऊ नका. दोन खेपांनंतर चाचा आले ते डोकं खाजवत. "बाय, तुजी पिवली कोन घेत न्हाय. समदी लाल मागतात." मला कळेचना. "लाल कशाला?" "मला काय ठावं? आमच्यात कुंकू न्हाय. तुमच्या बायका बोलतात, लाल हाय ती देवाच्या पायावर ठेवून आनलेली." अण्णा, मी कपाळावर हात मारून घेतला. ज्या बाटल्या कुणी उघडून भरल्या होत्या, नेमक्या त्यांनाच कुंकू लागलं होतं, आणि आया त्याच मोठ्या भक्तीने पोरांसाठी घरी नेत होत्या. मी सगळा माल परत मागवला. त्या वेळी कुणाला काही झालं नाही, ही माझी हुशारी नव्हे. लाल रंग बाईला काय सांगतो हे मीच विसरले होते, कारण मला तो काही सांगत नव्हता.

आठ दिवस मी खोलीत पाऊल टाकलं नाही. नवव्या दिवशी विहिरीवर धुणं धुताना एकदम लख्ख समजलं की उलटं करायला हवं. बाटली दुकानात जायची ती कुंकू लावूनच जाऊ दे. उघडली तर कुंकू पुसलं जावं. लाल झालेली हळद आंबट लागलं की परत पिवळी होते; त्यासाठी लिंबू ओलं म्हणून चालेना, पण तुरटीची कोरडी पूड चालली. पट्टी लाल, खाली तुरटी, वर मेण. कुणी ओली केली, वाफ दिली की लाल उतरून मळकट पिवळे डाग. आता चाचांना एवढंच सांगायला सांगितलं, कुंकू पुसलेली बाटली घेऊ नका. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. एका खेपेत सगळीकडे समजलं. दुकानात अशी बाटली दिसली तर बायका हातसुद्धा लावत नाहीत, पदर सावरून बाजूला होतात. त्या कशा बाजूला होतात हे मला कुणी सांगायला नको होतं. मी लग्नाच्या मांडवात गेले की असंच होतं. मला हे सुचलं कशावरून ते त्या मुंबईच्या गृहस्थांना सांगता आलं असतं, पण परक्या माणसासमोर रडू फुटलं असतं, म्हणून सहज म्हटलं.

ते आता ही पट्टी मुंबईत सगळ्यांच्या औषधांवर लावू म्हणतात. मला मुंबईला चला म्हणतात. मी जाणार नाही. या घराचा मला कंटाळा आला आहे, संध्याकाळी दिवा लावला की कुणासाठी लावला असं वाटतं, तरी जाणार नाही. त्यांनी निघताना विचारलं, "तुमच्या वडिलांच्या वेळी अशी काही फसवणूक झाली होती का?" मी म्हटलं, "एकदा." उत्तर तोंडातून इतक्या सवयीने निघालं की माझं मलाच भय वाटलं. म्हणून हा कागद. तो कुणाला द्यायचा नाही, सकाळी चुलीत जाईल.

दुकानात ठेवलेल्या हजार बाटल्यांमध्ये कुठली उघडली आणि कुठली नाही, हे मी आज लांबून सांगू शकते. त्या एका बाटलीचं मला सांगता येत नाही. तुळशीपाशी मी ते दोन तुकडे चारी बाजूंनी पाहिले, अण्णा. कडेला मला काहीच दिसलं नाही. ना वितळलेलं, ना पुन्हा बसवलेलं. मी उचललेल्या टोपीवर तरी काय दिसलं होतं? कदाचित ती उचललेली असेल. कदाचित नसेल, आणि तो काढा करताना माझाच हात चुकला असेल. मी घाबरले आणि जे तुम्हाला ऐकायचं होतं ते सांगितलं. तुम्ही माझी क्षमा मागितलीत, आणि मी ती घेतली.