कढीलिंब कुठे होता

अण्णा,

आज रविवार. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी रविवारी दुपारी कुकर उतरवला की माझं लक्ष फोनकडे जातं. तुमच्या फोनची वेळ ती. ही सवय मोडायला हवी होती, मोडली नाही. आज मात्र तुमचा फोन आला असता, तर मी जे बोलले असते ते शेजारच्या चिनी आजींनाही समजलं असतं, भाषा येत नसूनही. म्हणून लिहितेय. तुम्ही नेहमी म्हणायचात, पाल्हाळ लावू नकोस, मुद्द्याचं बोल. तर मुद्दा असा, की तुम्ही माझं घर विकलंत आणि मला विचारलं नाहीत. हे जुनं झालं, त्यावर मी पुरेसा त्रागा करून घेतलाय. पण आज सकाळी त्यातली एक नवी गोष्ट कळली, आणि माझा सगळा जुना राग कमी पडायला लागला.

सिंगापूरला यायचं ठरलं, तेव्हा कोथरूडच्या आमच्या घरातलं जेवणाचं टेबल तुम्ही ताब्यात घेतलं होतंत. बँकेतून रिटायर झालेल्या माणसाला एवढं सुख क्वचित मिळतं. नवऱ्याला कंपनी पाठवत होती, मी तिकडे जाऊन नोकरी शोधणार होते, मुलगी पहिलीत जायची होती. तुम्ही रोज सकाळी स्कूटरवरून यायचात, हेल्मेट फ्रीजवर ठेवायचात आणि म्हणायचात, हं, आज काय बाकी? सगळ्यात आधी तुम्ही गृहकर्ज फेडायला लावलंत, गाडी विकून आणि माझ्या ठेवी मोडून. कर्ज अंगावर घेऊन समुद्र ओलांडू नये म्हणे. मग खाती बदलली, विम्यावरची नावं तपासली, गॅसचं कनेक्शन परत केलं, माझ्या लग्नातल्या दागिन्यांचा लॉकर तुमच्या-माझ्या नावावर आला. मागे लोंबतं काही ठेवायचं नाही, हे तुमचं पालुपद. नवरा तेव्हा आतल्या खोलीत खोक्यांना चिकटपट्ट्या लावत असायचा. सही हवी असली की तुम्ही हाक मारायचात, तो यायचा, कुठे करू विचारायचा, आणि परत खोक्यांकडे जायचा. बाकी सगळं तुम्ही आणि मी. मी सी.ए. झाले तेव्हापासून तुम्ही नातेवाइकांना सांगायचात, पैशाचं काही असलं तर हिला विचारा, मला काय विचारता. मला ते खरंच वाटायचं.

तुम्ही एक पत्र्याची ट्रंक आणून दिलीत, आत कडुनिंबाचा वाळवलेला पाला पसरून. तिकडे बारा महिने उकाडा, हवा दमट, कागद फुगतात, चामड्याला बुरशी येते, असं कुणाकडून तरी ऐकून आला होतात. मी हसले होते. पहिल्याच वर्षी याचे लग्नातले बूट कपाटात हिरवे झाले, आणि ट्रंकेतला एकही कागद वाकडा झाला नाही. तुमचं कधी चुकायचं नाही, हाच तर वैताग होता.

तुमच्या नावे केलेल्या मुखत्यारपत्राचं मात्र आज परत परत डोळ्यांसमोर येतंय. वकील तुमच्याच ओळखीचे, घरी आले होते. ते मला म्हणाले, "मर्यादित द्या. भाडेकरू ठेवणं, सोसायटीचे पैसे भरणं, एवढ्यापुरतं. विक्रीचा अधिकार कशाला?" बरोबर बोलत होते. माझ्यासमोर बसलेल्या कुणालाही मी हेच सांगितलं असतं, भाऊ असो नाहीतर सासरा. तुम्ही फक्त उठलात आणि चहा टाकतो म्हणून आत गेलात. माझ्या घरात तुम्ही त्याआधी कधी चहा टाकला नव्हतात. आतून डबे उघडल्या-मिटल्याचा आवाज यायला लागला, तुम्हाला साखर सापडत नव्हती, आणि इकडे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापाला अटी घालायच्या? ज्याने आपल्या फिया भरल्या त्याला सांगायचं, एवढंच करा, तेवढं करू नका? मी वकिलांना म्हटलं, सगळेच अधिकार घाला. तुम्ही चहा घेऊन आलात तोवर तसं लिहून झालं होतं. चहात साखर फार होती, तरी आम्ही सगळे चांगला झालाय म्हणून प्यायलो.

निघायच्या दिवशी, आई नव्हती म्हणून, माझ्या तळहातावर दही तुम्ही ठेवलंत. मी तुमच्या पाया पडले आणि म्हटलं, अण्णा, जाते. केवढ्यांदा ओरडलात. मुलगी घाबरून बापाला चिकटली. "जाते काय म्हणतेस? येते म्हण." मी येते म्हटलं. गाडीत बसताना परत एकदा म्हणवून घेतलंत. विमानात मी बराच वेळ रडले, पण बरंही वाटत होतं. परत बोलावणारं कुणीतरी आहे, आणि परतायला घर आहे.

चौथ्या वर्षी भाडेकरू गेला. तुम्ही म्हणालात, दुसरा शोधायची घाई नको, जरा रंग काढून घेऊ. मी पैसे पाठवले. रंग कुणासाठी निघत होता ते मला काय माहीत. दर रविवारी तुमचा फोन यायचा आणि दर रविवारी मी बाल्कनीतल्या कढीलिंबाची चौकशी करायचे. रंगाच्या जुन्या बादलीत मी लावलेला, मुलीच्या उंचीचा झालेला. तुम्ही म्हणायचात, छान आहे, नवी पालवी आलीय. मला इकडे सेम्बावांगच्या भाड्याच्या घरात बरं वाटायचं. मी डोळे मिटून ती बाल्कनी बघायचे. तो कढीलिंब तेव्हा तुमच्या गच्चीत होता, अण्णा. सौदा ठरल्याबरोबर तुम्ही तो रिक्षात घालून नेला होतात. घेणाऱ्याचं कर्ज मंजूर होईपर्यंत काही महिने गेले, आणि तेवढे सगळे रविवार तुम्ही मला पालवीच्या बातम्या दिल्यात. खोटं बोललात असंही म्हणता येत नाही. कढीलिंब कसा आहे एवढंच मी विचारत होते. कुठे आहे, हे कशाला विचारेन?

मला कळलं ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. हार्बरफ्रंटला ऑफिसखालच्या फूड कोर्टमध्ये जेवायला बसले होते. सेक्रेटरींनी लिहिलं होतं, चारशे दोनमध्ये आलेल्या नव्या सभासदांचं स्वागत, आणि खाली हात जोडलेली चित्रं. चारशे दोन म्हणजे आमचं. मला वाटलं, भाडेकरू मिळाला वाटतं. मग खाली तुमचा मेसेज दिसला, घराची देखरेख तुमच्याकडे म्हणून तुम्हीही त्या ग्रुपवर होतात. "अभिनंदन. स्वयंपाकघराची खिडकी पावसाळ्यात फुगते, वर उचलून ओढावी. घर हवेशीर आहे. माझ्या मुलीचं होतं." मी 'अण्णा, हे काय' एवढं टाइप करतेय, तोवर सेक्रेटरींनी मला ग्रुपमधून काढून टाकलं. नियमाप्रमाणे बरोबरच होतं, ग्रुप सभासदांसाठीच होता. समोर बसलेल्या मलय मैत्रिणीने घाबरून विचारलं, घरी कुणी गेलं का. मी म्हटलं, नाही, सगळे बरे आहेत.

तुम्हाला फोन लावला, तर तुम्ही अगदी शांत. भाव चांगला आला, टॅक्स वगैरे सगळं रीतसर, पैसे दोन दिवसांत तुमच्या खात्यात दिसतील. मी म्हटलं, मला विचारलं का नाहीत? "विचारायचं काय त्यात? तू परत येणार होतीस का?" मी म्हटलं, हो. तुम्ही बरं म्हणालात, आणि इकडे पाऊस आहे का ते विचारलंत.

पैसे आले, शेवटच्या पैशापर्यंत. तुम्ही तोंडाला पानं पुसली असतीत, दुसऱ्या कुणाला देऊन टाकलं असतंत, तर निदान चारचौघांत तुम्हाला नावं तरी ठेवता आली असती. पण ज्याला सांगावं तो म्हणायचा, अगं, मग बिघडलं कुठे? त्याच पैशांत भर घालून इथे सेम्बावांगला हा फ्लॅट घेतला. चांगला आहे, वरच्या मजल्यावर आहे, वारा येतो. मी यात राहते, यात सण करते, आणि यात मला कधी पाय पसरून बसल्यासारखं वाटलं नाही. त्यानंतर दोन वर्षं आपण फोनवर फक्त हवापाणी बोललो. मग तुम्ही गेलात. तेराव्याला आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली, त्याला दुखणं आधीच कळलं होतं, तू सगळं सोडून धावत येशील म्हणून त्याने दोरच कापला, तुझ्यासाठीच केलं गं. असेल. पण मेलेल्या माणसाला देव करायची आपल्याकडे फार हौस असते, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. तो कढीलिंबही आत्यानेच नेला.

आता आजची गोष्ट. इथे माणूस धडधाकट असतानाच कागद करून ठेवतात, की उद्या माझं डोकं चालेनासं झालं तर माझे व्यवहार अमक्याने बघावेत. तुम्हाला हा प्रकार फार आवडला असता. मुलीला एकवीस पूर्ण झाली, म्हणून आम्ही दोघांनी तिला नेमायचं ठरवलं. सकाळी तिघं लॅपटॉपसमोर बसलो होतो. त्यात एक पर्याय येतो, की राहतं घर कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही, ही अट घालायची का. माझा हात थांबला. परत ते डबे वाजायला लागले. पण या वेळी मी अट घातली, आणि मुलीकडे न बघताच म्हटलं, बाळा, विश्वास नाही असं नाही हं. तिने मोबाइलमधून डोकंसुद्धा वर केलं नाही. "युअर हाऊस व्हॉट," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "ऑफ कोर्स मस्ट आस्क यू फर्स्ट लाह." आणि टोस्ट खायला लागली. एवढंच. एवढं सोपं होतं ते, अण्णा.

नवरा उठला आणि म्हणाला, चहा टाकतो. मुलगी तिच्या खोलीत गेल्यावर त्याने कप माझ्यासमोर ठेवला.

"अण्णांनी विचारलं होतं," तो म्हणाला.

"कुणाला?"

"मला. सौदा करायच्या आधी. बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात फोन आला होता."

याने सांगितलं, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. तुम्ही म्हणालात, ठीक, तिला मी सांगतो, तुम्ही मध्ये पडू नका. म्हणून तो मध्ये पडला नाही. ग्रुपवरून मला काढलं त्या संध्याकाळी मी हमसाहमशी रडत होते, आणि हा माणूस माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होता, अण्णांनी असं करायला नको होतं. केसाने गळा कापतात म्हणजे कसा, ते आज कळलं. पण त्याचं मी बघून घेईन. तो समोर आहे, त्याच्याशी भांडायला जन्म पडलाय. तुमचं काय करू?

इतकी वर्षं मी समजत होते, तुमचा स्वभावच तसा, तुम्ही कुणाला विचारत नाही. त्या समजुतीवर मी तुम्हाला अर्धं माफही केलं होतं. पण तुम्ही विचारलं होतंत की! रीतीप्रमाणे, आधी, फोन करून. फक्त मला नाही. कर्जाचा हप्ता किती होता हे ज्याला आजही सांगता यायचं नाही, त्याला विचारलंत. माझ्या ठेवी मोडून सोडवलेलं घर, आणि विचारायची वेळ आली तेव्हा जावईबापू. त्या टेबलाशी माझ्या शेजारी बसून रोज सकाळी तुम्ही मला काय समजत होतात, अण्णा? मुलगी, की कारकून? हिला विचारा, हिला विचारा, असं अख्ख्या गोतावळ्याला सांगत फिरलात ते कशासाठी? मी प्रश्न विचारले असते म्हणून टाळलंत का? मग विचारले असते! तुम्हीच शिकवले होतेत ते.

हे पत्र कुठे पाठवायचा प्रश्नच नाही. ते तुमच्या ट्रंकेत जाईल, तिथे कागद चांगले राहतात. आणि ते कुणी वाचणार नाही म्हणूनच एक सांगून टाकते. त्या दिवशी फोनवर मी हो म्हणाले, परत येणार होते म्हणून. ते रागाने म्हणाले होते. मुलगी इथल्या शाळेत रुळली होती, मला बढती मिळाली होती, आणि पुण्याला जायचं म्हटलं की मी परतीचं तिकीट आधी बघायचे. तुम्ही त्यातल्या एखाद्या रविवारी पालवीचं न सांगता मला सरळ विचारलं असतंत, तर मी थोडी रडले असते, तुमच्याशी भावावरून जरा वाद घातला असता, आणि म्हटलं असतं, अण्णा, विकून टाका. फक्त तो कढीलिंब तेवढा तुमच्याकडे न्या.