टॉर्च आणि पहिली खोली

३ जून
माफ कर वही, फार उशीर झाला. अकरा दिवस टाळलं. लिहायला बसलो की नको तेच आठवतं. आता सगळं नीट लिहून ठेवतो. उद्या कुणी विचारलं तर आपली बाजू तयार हवी.

प्रयोगशाळेत उंदरांच्या दोन खोल्या माझ्याकडे. दोन्हीकडे पिंजऱ्यांभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी, पण करंट फक्त पहिलीत. त्याने चुंबकक्षेत्र तयार होतं. इथे संशोधन करणाऱ्या ताईंची पीएचडी त्यावरच. काळोखात डोक्यात मेलाटोनिन तयार होतं, उजेड पडला की घटतं; त्यावरून शरीराला रात्र कळते. चुंबकाने ते बिघडतं का, हे ताई बघतात. म्हणून खोल्यांत भरदुपारी काळोख. दाणापाणी मिणमिणत्या लाल दिव्यात. टॉर्च सक्त मना.

दुसऱ्या खोलीत मी चाचपडत उरकतो. पहिलीत करंट, अंधारात तारेला हात लागला तर? माझं वय एकाहत्तर. टॉर्च लावला. दोनच मिनिटं, तोही खाली धरून. उंदरांना काय कळतंय.

९ जून
कळतं म्हणे. पहिल्या खोलीत मेलाटोनिन निम्म्यावर आलंय. ताई नाचायच्याच बाकी होत्या. म्हणाल्या, काका, चुंबकाने काम केलं. मी म्हटलं, वा.
उद्यापासून टॉर्च बंद.

१० जून
बंद केला नाही. सेल नवे होते.

१२ जून, सकाळी ७
आज ताईंना सांगायचंच.

१२ जून, संध्याकाळ
त्या जेवत होत्या. जेवणाऱ्या माणसाला असलं सांगू नये.

२० जून
टॉर्च घरी ठेवून आठ दिवस झाले. दोनदा ठेचकाळलो, पण ताठ मानेने. आज आकडे आले. दोन्ही खोल्या सारख्याच. ताईंचं तोंड एवढंसं झालं. म्हणाल्या, काका, तीन वर्षं पाण्यात गेली.

२१ जून
टॉर्च नेला. आज भीतीपोटी नाही, ताईंसाठी. ह्यात फरक आहे.

१८ ऑगस्ट
पहिल्या खोलीचे आकडे पुन्हा पडले, पडलेलेच आहेत. मधल्या त्या आठवड्यात मशीन बिघडलं असणार, असं ताईंचे गाईड सर म्हणाले. ताईंचा पेपर परदेशातल्या परिषदेत घेतला गेला. त्यात ताईंनी माझे आभार मानलेत, 'काळोखातल्या काटेकोर कामाबद्दल'. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, घरात पाणी प्यायला उठलात तरी चार दिवे लावता, तुम्ही कसला काळोखात काटेकोर? मी पेपर तोंडासमोर धरला.

४ सप्टेंबर
ताई काल विमानाने गेल्या. उद्या दुपारी भाषण. सर सांगत होते, तिथले लोक हाच प्रयोग त्यांच्या प्रयोगशाळेत करून बघणार. त्यांच्याकडे टॉर्चवाला म्हातारा नसेल. मग खोटं ताईंचं ठरेल, माझं नाही.
भाषणाआधी मेसेज करून खरं सांगायचं. ठरलं. नोकरी गेली तरी बेहत्तर.

५ सप्टेंबर, सकाळी ११
दीड तास टाइप करतोय. 'टॉर्च मी लावत होतो' इथवर आलो. ओळ बरी दिसेना. खोडली. पुन्हा लिहिली. पुन्हा खोडली. शेवटी पाठवलं ते असं:
'ताई, उंदीर मजेत आहेत. भाषण छान करा. झाल्यावर लवकर कळवा, इथे जिवाला घोर लागलाय.'