उखाण्याबिगर नाव

औरंगाबाद, डिसेंबर २००३

आकांक्षाच्या बाबांना दीपमालाचा नमस्कार.

मी मजेत हाय. जेवण चांगलं देतात, फक्त ज्वारीची भाकर न्हाई.

बचत गटाच्या बायांना चारचौघांत बोलायला शिकवणारं हे शिबिर रविवारी संपतं. पहिल्या दिवशी मॅडमनी उभं करून पूर्ण नाव विचारलं. तुमचं नाव यायच्या जागी माझी जीभच अडकली. आजवर उखाण्यातच घेतलेलं ना! मग तोच निघाला तोंडातून: "हळदीच्या वाफ्याला पाण्याची पाळी, रामप्रसादरावांचं नाव घेते सकाळच्या वेळी." सगळा हॉल हसला. मी रडले न्हाई. म्हणजे, लई न्हाई.

काल पुन्हा माझी पाळी आली. माईक धरला अन् म्हणाले, "मी दीपमाला रामप्रसाद इंगोले, कुरुंदा." आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला! मग हळद शिजवताना बायांना धुराची किती तकलीफ होते, ते असं सांगितलं की टाळ्या थांबेनात.

आकांक्षाचा खोकला गेला का? तिची वेणी कोण घालून राहिलं?

तुमची,
दीपमाला

ता. क. सासूबाईंना पत्र वाचून दाखवताना ही खालची ओळ तेवढी सोडा.

रामप्रसाद, रविवारी संध्याकाळी वसमतच्या स्टँडवर घ्यायला या.