भिंतीपलीकडची चाल

ग्लासगो, १२ फेब्रुवारी १९८८

ती. बाबांना उल्काचा सा. न. वि. वि.

कंबर कशी आहे? मी हॉस्पिटलात ड्यूटीवर असताना यशोधनला सांभाळणाऱ्या शेजारच्या जीनआजी मंगळवारी गेल्या. त्यांनी स्वतः रचलेलं चार ओळींचं देवाचं गाणं, म्हणजे हिम, उशाखाली सापडलं. खाली लिहिलंय, ‘हे उल्काने म्हणावे.’ चाल मात्र लिहिलेली नाही!

इथल्या चर्चच्या एका जुन्या पुस्तकाची पानं मधोमध आडवी कापलेली असतात. वर चाली, खाली शब्द. माप जुळलं की कुठलीही चाल कुठल्याही शब्दांना लावायची. मला मेलीला मापच कळत नाही. १३ मार्चला त्यांची प्रार्थनासभा आहे. आजींची शेवटची इच्छा माझ्यामुळे राहायला नको. नक्कल पाठवतेय, लगेच बघा.

तुमची उल्का

पुणे, २३ फेब्रुवारी १९८८

चि. सौ. उल्कास अनेक आशीर्वाद.

चाळीस वर्षं वृत्तं शिकवल्याच्या गुर्मीत आधी लघु-गुरू लावले. गण पडेनात. गाणं लंगडं ठरवून कागद बाजूला टाकला. मग इंग्रजी शिकवणाऱ्या शेजारच्या हरीशकडून मोठ्याने वाचून घेतलं आणि बोटांवर नुसती अक्षरं मोजली. आठ, सहा, आठ, सहा. दुसऱ्या-चौथ्या ओळीला यमक, पहिली-तिसरी मोकळी.

अंगावर काटा आला गं. तुझ्या आईने तुझ्यासाठी रचलेला पाळणा थेट असाच, यमकासकट! ती गेल्यापासून नऊ वर्षं मी तो ओठांवर येऊ दिला नव्हता. काल म्हटला, तुझ्या जीनआजींच्या शब्दांत. एक अक्षर घालावं लागलं नाही की गाळावं लागलं नाही. रडलो, लपवत नाही.

तीच चाल लाव. त्यांचा देव रागावला तर माझं नाव सांग. यशोधनला पापा. माया आहेच, पत्रं वाढव.

तुझा बाबा

ग्लासगो, १४ मार्च १९८८

ती. बाबांना सा. न.

काल म्हटलं. दुसऱ्या ओळीला आजींची बहीण उठून माझ्याबरोबर गाऊ लागली, एकही सूर न चुकता! मी चाट पडले. तिला ही चाल ठाऊक कशी?

नंतर तिने सांगितलं, अख्खा हिवाळा आजी हीच चाल गुणगुणत शब्द बसवत होत्या. कुठली म्हणून विचारलं की म्हणायच्या, थ्रू द वॉल, भिंतीतून येते. बाबा, तीन वर्षं मी रोज यशोधनला आईच्या पाळण्यावर निजवतेय आणि पलीकडे त्या ऐकत होत्या.

इथे प्रत्येक चालीला नाव असतं. पाद्रीबाबांनी पुस्तकात चिकटवायला कागद घेतला आणि नाव विचारलं. मी आईचं सांगितलं. आता वरच्या अर्ध्या पानावर लिहिलंय, ‘मधुमती’.

आशीर्वाद असू द्यावा.

तुमची उल्का