बिनफळाची फुलं

मावशी, आज लोणावळ्याच्या शाळेत मी मुलींना परागीभवन शिकवलं. भोपळ्याच्या वेलाला दोन तऱ्हेची फुलं येतात. एकाच्या बुडाशी इवलंसं फळ असतं, दुसऱ्याच्या नसतं. त्या दुसऱ्याचा पिवळा पराग मधमाशीनं पहिल्यावर नेला नाही, तर फळ धरत नाही, गळून जातं. एवढं सांगितलं आणि खडू खाली ठेवला.

आई मला जन्म देऊन गेली. मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी तुला माहेरी आणून सोडलं होतं, त्या घरात तूच मला वाढवलंस. घरामागच्या परड्यात तू भोपळा लावायचीस. मामी रोज उजाडताच बिनफळाची फुलं खुडून भाजीला न्यायची. "फुकटी फुलं ती, ठिवून काय करायची?" गावात सगळ्याच तसं करत, पण त्यांच्या हातून दोन-चार फुलं सुटत, म्हणून त्यांचे वेल धरत. आमच्या मामीचा हात भारी चलाख, एक सोडायची नाही. तुझे भोपळे सुपारीएवढे होऊन गळायचे. मग तीच मामी शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "वांझंनं लावलेला येल धरंल व्हय?" भाजी खाऊन वर हे! आणि तू मान खाली घालून भाकरी थापत राहतेस.

शेवटच्या वर्षी बी माझ्या मुठीत दिलंस. "तू लाव बाय. माजा हात चांगला न्हाई." मी लावलं, त्याचेही भोपळे गळले. मी रडायला लागले, तर म्हणालीस, "तुजं काय चुकलं न्हाई. मी पानी घातलं ना त्याला."

त्याच हिवाळ्यात तापानं तू गेलीस, तेच खरं मानून गेलीस. पुढे कळलं, तुझ्या नवऱ्यानं केलेल्या दुसरीलाही मूल झालं नाही. लोकांनी तिलाही तेच नाव ठेवलं. त्याला कुणी काही विचारलं नाही. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो, आणि मग नुसतं रडू येतं.

इथं मीही दारात भोपळा लावलाय, पण इथल्या पावसात मधमाशा फिरकत नाहीत. म्हणून सकाळी मीच एक बिनफळाचं फूल घेऊन फळवाल्या फुलात हलकेच फिरवते. भोपळे धरतात. तिथं उभी राहून मी तुझ्याशी बोलते. काल शेजारणीनं कुंपणावरून विचारलं, "बाई, कुणाशी बोलताय?"

तू होतीस तोवर ती हाक मारायची माझी कधी छाती झाली नाही. "आईशी," म्हटलं मी.